पेशीच्या कलाने



 सजीवांच्या अभियांत्रिकीवर बोलायला उभं राहिलं की वक्त्यापुढे दोन सोप्या वाटा असतात. एक, विज्ञानाच्या करामतींची जंत्री वाचायची आणि टाळ्या घ्यायच्या. दुसरी, प्रयोगशाळेतून आता राक्षस बाहेर पडणार अशी धास्ती घालून श्रोत्यांना घरी पाठवायचं. मी जरा लांबची वाट घेणार आहे. एकच औषध घ्यायचं, ते सूक्ष्मजीवांकडून करून घेण्याच्या खटाटोपात काय काय झालं ते नीट पाहायचं, आणि त्यातून निघेल तेवढंच म्हणायचं. ते औषध म्हणजे मलेरियावरचं आर्टेमिसिनिन.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जिथे पटणार नाही तिथे आपल्याला हरकत घेता येईल. जिवंत पेशीत काही नवं बांधायचं असेल तर पेशीच्या कलाने घ्यावं लागतं. तो कल ओळखायचा तर पेशी तुकड्यातुकड्याने पाहून भागत नाही, सगळी एकदम पाहावी लागते. आणि आपण जे पाहिलं ते बरोबर होतं की नाही, हे बांधायला गेल्याशिवाय कळत नाही. सगळं एकदम पाहणारी शाखा म्हणजे सिस्टिम्स बायोलॉजी, प्रणाली जीवशास्त्र. बांधणारी शाखा म्हणजे सिंथेटिक बायोलॉजी, संश्लेषी जीवशास्त्र. दोघींची नियतकालिकं वेगळी, परिषदा वेगळ्या. प्रयोगशाळेतल्या टेबलावर मात्र एकीवाचून दुसरीचं पान हलत नाही.

तीन जनुकांचं घड्याळ

सुरुवात कुठून करायची? १९६१ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी दाखवलं की जनुकं सदासर्वकाळ चालू नसतात. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूत दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवण्याची जनुकं असतात. आसपास लॅक्टोज नसेल तर एक प्रथिन त्या जनुकांपाशी अडसर होऊन बसतं आणि ती बंद राहतात. लॅक्टोज आलं की अडसर निघतो. एका प्रथिनाने दुसरं जनुक बंद ठेवायचं, एवढीच ही युक्ती. पण ती कळल्यावर एक खोडकर प्रश्न पडणं अटळ होतं: असे अडसर आपणच एकमेकांना जोडले तर?

ते प्रत्यक्षात यायला २००० साल उजाडलं. त्या वर्षी जानेवारीत ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन निबंध आले. बॉस्टन विद्यापीठाच्या टिमोथी गार्डनर, चार्ल्स कँटर आणि जेम्स कॉलिन्स यांनी एकमेकांना दाबणाऱ्या दोन जनुकांची जोडी जीवाणूत बसवली. एक वर असलं की दुसरं खाली, बाहेरून इशारा दिला की उलट. प्रिन्स्टनच्या मायकेल एलोविट्झ आणि स्तानिस्लास लायब्लर यांनी तीन जनुकं साखळीत बांधली. पहिलं दुसऱ्याला दाबतं, दुसरं तिसऱ्याला, तिसरं पुन्हा पहिल्याला. कागदावरची समीकरणं सांगत होती की अशा वर्तुळाला स्वस्थता मिळणार नाही, ते हेलकावत राहील. या साखळीला हिरवं चमकणारं प्रथिन जोडलं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली जीवाणू खरोखरच उजळू-मालवू लागले.

या प्रयोगाचं कौतुक पुष्कळ झालं, आणि ते रास्तच होतं. मला मात्र त्यातली उणीव जास्त शिकवणारी वाटते. एका हेलकाव्याला साधारण अडीच तास लागत. तेवढ्यात पेशी एकाहून अधिक वेळा विभागून जाई. निम्म्याहून कमी पेशींतच लय दिसली, आणि एकाच पेशीतून निघालेल्या दोन बहिणींची लय थोड्याच वेळात एकमेकींपासून सुटत असे. समीकरणं चुकलेली नव्हती. त्यांनी फक्त तीन जनुकं हिशेबात धरली होती, आणि ती तीन जनुकं ज्या पेशीत राहत होती ती हिशेबाबाहेर होती. पेशीत एखाद्या प्रथिनाचे मोजकेच रेणू असतात. विभागणीच्या वेळी ते दोन्ही लेकींत समसमान पडतीलच असं नाही. शिवाय प्रथिनं मोडून टाकणारी पेशीची यंत्रणा सगळ्यांना सामाईक असते आणि तिच्यापाशीही रांग लागते. हार्वर्डमध्ये योहान पॉल्सन यांच्या गटाने एकेका पेशीवर नजर ठेवून हा गोंधळ नेमका कुठून येतो ते मोजलं, आराखडा तोच ठेवून तेवढीच दुरुस्ती केली, आणि २०१६ साली तेच घड्याळ पिढ्यानपिढ्या ताल धरू लागलं. बांधायला जमलं २००० साली. का अडखळतं ते कळून सुधारायला आणखी सोळा वर्षं गेली.

पाल्यातलं औषध

आता आपल्या औषधाकडे वळू. फाल्सिपॅरम जातीचा मलेरिया हा मेंदूपर्यंत जाणारा, जीव घेणारा मलेरिया. आपल्याकडे गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात काम करणाऱ्या डॉक्टरांना आणि आशाताईंना त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा परजीवी क्लोरोक्विन या तोवरच्या औषधाला दाद देईनासा झाला. व्हिएतनाम युद्धाच्या काळात चीनने २३ मे १९६७ रोजी नव्या औषधाच्या शोधाची गुप्त मोहीम सुरू केली, आणि त्या तारखेवरूनच तिला ‘५२३’ हे नाव पडलं. या मोहिमेत बीजिंगच्या तू यूयू यांनी जुन्या वैद्यकीय ग्रंथांतली वनस्पतींची यादी तपासायला घेतली. चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्याने आर्टेमिसिया अन्युआ या झुडपाबद्दल लिहिलं होतं की मूठभर पाला पाण्यात भिजवावा, पिळावा आणि रस प्यावा. उकळण्याचा उल्लेख त्यात नव्हता. तू यूयूंनी त्यावरून ओळखलं की उष्णतेने औषध नासत असावं. त्यांनी जेमतेम ३५ अंशांना उकळणारा ईथर वापरून अर्क काढला. ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांमधला परजीवी पूर्ण साफ केला. २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ पासून आर्टेमिसिनिनवर आधारलेली संयुक्त औषधं सुचवायला सुरुवात केली, भारतानेही पुढे फाल्सिपॅरमसाठी तीच स्वीकारली. मागणी एकदम वाढली. औषध मात्र झुडपाच्या पाल्यात, वाळल्या वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. लावणीपासून औषधापर्यंत वर्ष-दीड वर्ष जायचं. भाव चढला की शेतकरी लागवड वाढवायचे, माल आला की भाव कोसळायचा, पुढच्या वर्षी लागवड घटायची. २००५ च्या सुमारास किलोला हजार डॉलरच्या वर गेलेला भाव दोनेक वर्षांत घसरून कितीतरी खाली आला. ज्या औषधावर आफ्रिकेतली लहान मुलं जगणार ते अशा हिंदोळ्यावर असावं, हे कुणालाच बरं वाटत नव्हतं. म्हणून झुडपाऐवजी टाकीत औषध बनवण्याची कल्पना पुढे आली.

सगळी दारं उघडली तेव्हा

बर्कलीला जे किसलिंग यांचा गट जीवाणूंकडून टर्पीन वर्गातली संयुगं बनवून घेण्याच्या मागे होता. आर्टेमिसिनिन त्याच घराण्यातलं. त्याचा कच्चा माल ई. कोलाय स्वतःही बनवतो, पण मोजूनमापून, गरजेपुरता. तो मार्ग पेशीच्या कडक नियंत्रणाखाली असल्याने त्याला हात न लावता किसलिंग यांच्या गटाने यीस्टमधला दुसरा मार्ग, मेव्हॅलोनेट मार्ग, आख्खाच्या आख्खा उचलून जीवाणूत आणला. त्याच्या टोकाला झुडपातलं एक विकर जोडलं. २००३ साली जीवाणू अमॉर्फाडायीन बनवू लागला, म्हणजे आर्टेमिसिनिनच्या वाटेवरचा पहिला मुक्काम गाठला गेला. पुढच्याच वर्षी गेट्स फाउंडेशनने या कामासाठी ४ कोटी २६ लाख डॉलर दिले.

उत्पादन वाढवायचं म्हणजे विकरं वाढवायची, हा सरळ हिशेब. तशी ती वाढवली आणि जीवाणूंची वाढच खुंटली. इथे मला आपल्याकडच्या कालव्याचीच उपमा सुचते. वरच्या दारातून भरमसाट पाणी सोडलं आणि पुढच्या चारीची वहनक्षमता तेवढी नसली, तर टेलच्या शेतकऱ्याला पाणी मिळत नाही ते नाहीच, आणि मधली जमीन चिबडून जाते. पेशीत तेच झालं होतं. साखळीच्या आरंभीची विकरं भराभर माल पुढे ढकलत होती आणि एचएमजी-कोए नावाचा मधला पदार्थ साचत होता. पुढचं विकर त्याला पुरं पडत नव्हतं. ते वाढवून साखळी समतोल केली की वाढ सुधारते, एवढं २००७ पर्यंत ध्यानात आलं.

पण साचलेला पदार्थ पेशीला नेमका कसा मारतो? हे साखळीकडे कितीही वेळ टक लावून पाहिलं तरी कळणार नव्हतं, कारण इजा साखळीबाहेर होत होती. म्हणून त्या गटाने पेशीतल्या हजारो जनुकांची पातळी एकदम मोजली आणि जोडीला चयापचयातले पदार्थही मोजले. एक पेशी गुदमरलेली, एक निरोगी, दोघींच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या. त्यातून एक ठळक गोष्ट पुढे आली. पेशी आपल्या पटलावर, म्हणजे बाहेरच्या आवरणावर, ताण आल्यासारखी वागत होती, आणि मेदाम्लं बनवण्याच्या कामात काहीतरी बिनसलं होतं. तर्क असा निघाला की एचएमजी-कोए मेदाम्लांची निर्मिती अडवतं, आणि मेदाम्लांवाचून पटल बनत नाही. तर्क खरा असेल तर मेदाम्ल बाहेरून दिल्यावर पेशी सावरली पाहिजे. त्यांनी द्रावणात पामिटिक आम्ल घातलं, जे पामतेलात आणि तुपातही भरपूर असतं. पेशी पुन्हा वाढू लागली. २००८ साली हे प्रसिद्ध झालं.

या एका प्रयोगात आजचा सगळा विषय आहे असं मला वाटतं. बाहेरचा मार्ग आणून बसवणाऱ्यांच्या हातून पेशी आजारी पडली. सगळं मोजणाऱ्यांनी निदान केलं. पामिटिक आम्लाने निदानाची परीक्षा घेतली. आणि यातून जे ज्ञान मिळालं ते निव्वळ जीवशास्त्राचं होतं. एचएमजी-कोए आणि मेदाम्लं यांचं हे भांडण निसर्गातल्या ई. कोलायमध्ये कधी लागतच नाही, कारण त्याच्यात तो मार्गच नसतो. पेशीला नव्या संकटात टाकल्याशिवाय ते दिसलं नसतं.

पुढचं पाऊल आणखी देखणं होतं. साखळीत पुढे एफपीपी नावाचा पदार्थ लागतो, तोही साचला की विषारी. बर्कलीच्या संशोधकांनी एफपीपी साचल्यावर जीवाणू आपणहून कोणती जनुकं वर-खाली करतो त्याची यादी काढली, आणि त्या जनुकांचे नियंत्रक तुकडेच उचलून आपल्या साखळीच्या विकरांना जोडले. आता विष चढू लागलं की पेशीच कच्च्या मालाचा ओघ आवरते आणि तो खपवणारं विकर वाढवते. बाहेरून महागडी रसायनं घालून हुकूम देण्याची गरज उरली नाही, आणि अमॉर्फाडायीन आधीच्या पद्धतींच्या दुप्पट झालं. हे २०१३ साली आलं. पेशीच्या कलाने घेणं म्हणजे काय, याचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही.

मोरचूद आणि यीस्ट

जीवाणूच्या या सगळ्या कथेनंतरही कारखान्यात गेलं ते यीस्टच. त्याला कारण होतं. अमॉर्फाडायीनपासून आर्टेमिसिनिक आम्ल बनवणारं झुडपातलं विकर पेशीतल्या आतल्या पटलांवर बसून काम करतं, आणि अशी पटलं जीवाणूत नसतात, यीस्टमध्ये असतात. २००६ साली किसलिंग यांच्या गटाने पाव आणि बिअरवाल्या यीस्टकडून लिटरमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत आम्ल मिळवलं. पुढची मजल एमरिस या कंपनीत मारली गेली.

यीस्ट एफपीपी कशाला वापरतं? मुख्यतः एर्गोस्टेरॉल बनवायला, जे त्याच्या पटलाला लागतंच. आपल्याला तोच एफपीपी औषधाकडे वळवायचा आहे. एर्गोस्टेरॉलकडे जाणारं जनुक काढून टाकलं तर यीस्ट मरतं, तसंच ठेवलं तर औषधाला काही उरत नाही. मग त्यांनी त्या जनुकाला तांब्याचं प्रमाण ओळखणारा नियंत्रक जोडला. द्रावणात तांबं वाढलं की ते जनुक मंदावतं. आधी हेच काम मेथायोनिन या महागड्या अमिनो आम्लाने करावं लागे, आता कॉपर सल्फेटवर भागू लागलं. कॉपर सल्फेट म्हणजे मोरचूद. नाशिक-सांगलीकडचे द्राक्षबागाईतदार बोर्डो मिश्रणात घालतात ते. जनुकाचा वेग मोरचुदाच्या चिमटीने ठरवायचा, हे ऐकायला गमतीचं वाटतं. पण टाकी हजारो लिटरची असते तेव्हा परवडणं हासुद्धा विज्ञानाचाच प्रश्न होतो.

दुसरी अडचण जास्त अवघड होती. ते झुडपातलं विकर एकटं काम करत नाही, त्याला इलेक्ट्रॉन पुरवणारं जोडीदार विकर लागतं. दोन्ही जोरात चालवली तर पेशी खंगत. जोडीदार प्रमाणाबाहेर झाला तर इलेक्ट्रॉन भलतीकडे गळतात आणि प्राणवायूची घातक रूपं तयार होतात, असा कयास होता. झुडपात हे प्रमाण कसं असतं याकडे तेव्हा लक्ष गेलं. तिथे जोडीदार मुख्य विकराच्या मानाने थोडाच असतो. यीस्टमध्ये तसं केल्यावर पेशी तगल्या. मग साइटोक्रोम बी-५ नावाचं आणखी एक झुडपी प्रथिन आणलं, आणि मधल्या पायऱ्या पुऱ्या करणारी दोन विकरं आणली, तेव्हा उत्पादन झेपावलं. २०१३ साली ‘नेचर’मध्ये आकडा आला: लिटरमागे २५ ग्रॅम. सात वर्षांत अडीचशे पट.

या यशाचा हिशेब मांडताना दोन गोष्टी विसरू नयेत. या सगळ्या कामाला मिळून सुमारे १५० मनुष्य-वर्षं लागली असा अंदाज दिला जातो. आणि टाकीतही डार्विन हजर असतो. औषध बनवणारी पेशी आपली ताकद परक्या कामावर खर्च करते. एखाद्या पेशीत उत्परिवर्तन होऊन ते काम बंद पडलं तर ती जास्त जोमाने वाढते, आणि काही पिढ्यांत टाकीत तिचीच प्रजा माजते. पुलाची कैची आपल्या हिताचा विचार करत नाही, पेशी करते. म्हणून अभियंत्याला पेशीचं हित आणि आपलं हित शक्य तितकं एका दिशेला आणावं लागतं.

न कळलेली १४९

आता कुणी म्हणेल, संगणकात पेशीची पूर्ण प्रतिकृती करा आणि बांधण्याआधीच सगळं तपासून घ्या. तेही चालू आहे. ई. कोलायच्या चयापचयाचं २०११ साली प्रसिद्ध झालेलं एक प्रारूप १,३६६ जनुकं आणि २,२५१ रासायनिक क्रिया हिशेबात घेतं. अशाच प्रारूपांच्या आधारे जेनोमॅटिका या कंपनीने जीवाणूकडून ब्युटेनडायॉल हे प्लास्टिक-उद्योगाला लागणारं रसायन बनवून घेतलं, जे निसर्गात कुठलाच जीव बनवत असल्याचं माहीत नव्हतं. २०१२ साली स्टॅनफर्डच्या मार्कस कोव्हर्ट यांच्या गटाने मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम या ५२५ जनुकांच्या चिमुकल्या जीवाणूचं अख्खं जीवनचक्र २८ उपप्रारूपं जोडून संगणकावर चालवलं.

पण या वाटेवर अजून किती चालायचं आहे, हे क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने २०१६ साली केलेल्या कामातून कळतं. जगायला कमीत कमी किती जनुकं पुरतात हे त्यांना पाहायचं होतं. उपलब्ध ज्ञानावरून कागदावर काढलेला पहिला आराखडा जिवंत झाला नाही. मग एकेक जनुक मोडून पाहत, काढत-घालत ते ४७३ जनुकांच्या पेशीपर्यंत पोहोचले. त्या ४७३ पैकी १४९ जनुकांचं नेमकं काम काय, हे त्या वेळी कुणालाच सांगता येत नव्हतं. म्हणजे ज्यात अनावश्यक काही ठेवलेलं नाही, अशा सर्वांत साध्या पेशीचा जवळजवळ तिसरा हिस्सा तेव्हा आपल्याला अनोळखी होता. ‘जीवन म्हणजे एक प्रोग्रॅम’ असं कुणी छातीठोकपणे सांगू लागलं तर त्यांना एवढा एक आकडा ऐकवावा.

टाकीबाहेरची प्रणाली

यीस्टने २५ ग्रॅम दिले, मग मलेरियाचं काय झालं? एमरिसने मलेरियासाठी हे तंत्र स्वामित्वशुल्क न घेता सानोफी या औषध कंपनीला दिलं. सानोफीने इटलीतल्या गारेसियो इथल्या कारखान्यात प्रकाशाच्या साहाय्याने आर्टेमिसिनिक आम्लाचं आर्टेमिसिनिन करण्याची प्रक्रिया उभी केली. ‘ना नफा ना तोटा’ या तत्त्वावर माल विकायचं ठरलं. वर्षाला ५० ते ६० टनांची क्षमता होती, जगाच्या गरजेचा मोठा वाटा. आणि २०१५ साली या कारखान्यातून निघालेलं आर्टेमिसिनिन होतं शून्य किलो. पुढच्या वर्षी कारखाना विकायला निघाल्याची बातमी आली.

कारण साधं होतं. ना नफा तत्त्वावरही सानोफीचा दर किलोला ३५० ते ४०० डॉलर पडत होता. चीन, व्हिएतनाम आणि पूर्व आफ्रिकेत शेतकऱ्यांनी पुन्हा लागवड वाढवली होती आणि झुडपातलं औषध २५० डॉलरच्या आत मिळत होतं. औषध कंपन्या स्वस्त माल घेणार हे उघड होतं.

याला विज्ञानाचं अपयश म्हणायला मी तयार नाही. जैवतंत्रज्ञान म्हणून ते काम अव्वल होतं. भाव पुन्हा भडकले तर वापरता येईल अशी एक सिद्ध रीत जगाच्या हाती आली, हेही खरं. पण प्रणाली कुठवर धरायची, या प्रश्नाचं उत्तर चुकलं होतं. पेशीच्या आत एकेका इलेक्ट्रॉनचा हिशेब ठेवणाऱ्यांनी टाकीबाहेर शेतकरी, व्यापारी आणि हंगाम यांची जी साखळी होती तिला स्थिर मानलं. ती साखळीही जिवंत होती. तिलाही प्रतिसाद देता येत होता, आणि तिने तो दिला. आणखी एक गोष्ट तेव्हा फार थोड्यांनी बोलून दाखवली. टाकी जिंकली असती तर टांझानिया-केनियातल्या लहान खातेदारांचं नगदी पीक गेलं असतं. दोन्हीपैकी काहीही झालं तरी कुणीतरी हरणार होतं, आणि त्या कुणाला टेबलाशी बोलावलेलं नव्हतं.

आपण यात कुठे?

मलेरिया आणि यीस्ट ही जोडी आपल्या अगदी जवळ आली आहे. ऑक्सफर्डमध्ये विकसित झालेल्या आर-२१ या मलेरियाच्या लशीची जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये शिफारस केली. ती बनते पुण्यात, सिरम इन्स्टिट्यूटमध्ये. परजीवीच्या प्रथिनाचा तुकडा कावीळ-बीच्या विषाणूतल्या प्रथिनाला जोडून तो संकर हॅन्सेन्युला पॉलिमॉर्फा नावाच्या यीस्टकडून बनवून घेतात. २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टमधल्या बालकांना ही लस द्यायला सुरुवात झाली. आधीच्या वर्षी जगात मलेरियाने सुमारे सहा लाख जीव गेले होते, आणि त्यांत बहुसंख्य आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुलं होती. पुण्याच्या टाक्यांतलं यीस्ट त्यांच्यासाठी राबतं आहे.

या लशीला जोर देणारा पूरक घटक चिलीत वाढणाऱ्या क्विलाया झाडाच्या सालीपासून काढतात. म्हणजे पुन्हा झाड, पुन्हा तुटवड्याची भीती. त्याच सालीतलं क्यूएस-२१ हे संयुग दुसऱ्या मलेरिया-लशीत वापरलं जातं. किसलिंग यांच्या गटाने २०२४ साली ते साखरेपासून सुरुवात करून पूर्णपणे यीस्टमध्ये बनवून दाखवलं. त्यासाठी बाहेरची ३८ विकरं एका पेशीत समतोलाने चालवावी लागली. उत्पादन अजून अगदी किरकोळ आहे, कारखान्याला परवडण्यापासून फार दूर. पण २००३ साली आर्टेमिसिनिनही तिथेच होतं.

आपल्या केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये ‘बायोई-३’ हे धोरण मंजूर केलं. जीवांकरवी रसायनं, औषधं, प्रथिनं बनवण्याच्या उद्योगाला बळ देण्याचं ते धोरण आहे. स्वागतच आहे. माझी भीती वेगळी आहे. टाक्या विकत घेता येतात, जनुकं मागवता येतात. पेशी आजारी का पडली हे शोधून काढणारी माणसं मात्र तयार करावी लागतात. आपल्याकडे जीवशास्त्राचा विद्यार्थी अकरावीला गणित सोडतो आणि अभियांत्रिकीचा विद्यार्थी जीवशास्त्र. दोन वर्षांच्या त्या फाटाफुटीची किंमत हे क्षेत्र जन्मभर वसूल करतं.

धोक्याबद्दल थोडक्यात. जनुकबदल केलेल्या सूक्ष्मजीवांसाठी आपल्याकडे १९८९ पासून नियम आहेत आणि त्यांची चौकट शाबूत राहिली पाहिजे. बंद टाकीतलं यीस्ट मला घाबरवत नाही, ते बाहेर पडलं तरी रानटी भाऊबंदांपुढे टिकणं कठीण. पण सगळेच प्रस्ताव तसे नसतात. डिसेंबर २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ३८ शास्त्रज्ञांनी इशारा दिला की ज्याचे सगळे रेणू आपल्या रेणूंच्या आरशातल्या प्रतिमेसारखे उलटे असतील असा जीवाणू कुणी बनवू नये. आपल्या प्रतिकारशक्तीला तो ओळखता न येण्याची शक्यता आहे. असं संशोधन पुढे नेऊ शकणारी माणसंच त्या यादीत होती. आपल्या हातातलं कौशल्य पाहून स्वतःच थांबायला सांगणं, हा या क्षेत्राचा चांगला गुण आहे. तो टिकवायला बाहेरून आपली, म्हणजे समाजाची, नजर लागते.

म्हणून शेवटी तीन मागण्या करतो. विद्यार्थ्यांनो, गणित आणि जीवशास्त्र यांतलं एक सोडू नका. सोडलं असेल तर पुन्हा धरा. प्राध्यापक मंडळी, बांधलेलं चाललं नाही त्या प्रयोगाला नापास करू नका, का चाललं नाही हे शोधणाऱ्याला गुण द्या. आणि धोरण आखणाऱ्यांनो, पुढच्या टाकीला पैसे देताना तिच्याबाहेर ज्यांचं पोट त्या मालावर अवलंबून आहे त्यांना पहिल्याच बैठकीला बोलवा. पेशीला आपण विचारायला शिकलो आहोत. माणसांना विचारणं त्याहून सोपं आहे, आणि ते राहून गेल्यावर काय होतं हे गारेसियोने दाखवलं आहे.